धारूरला न जाता केलेली चौकशी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मन्मथला तर नाहीच — मन्मथ कोण ते पुढं येईल. सांगायचं ठरवून बसलो की मी दुसरंच काहीतरी सांगायला लागतो. दुकानाचं, तांब्याच्या भावाचं, उन्हाचं. आजही तसं होईल कदाचित.

माझं केजला भांड्यांचं दुकान आहे. वडिलांचं होतं, आता माझं. लग्नाच्या दिवसांत रुखवताची भांडी न्यायला लोक येतात. मी वजन करून देतो, वर नाव टाकून देतो — छोट्या यंत्राच्या थरथरत्या सुईनं. काट्याच्या बाबतीत माझ्याविषयी कुणाची तक्रार नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. मी आकड्यांना जपणारा माणूस आहे आणि लोकांना ते ठाऊक आहे, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्या भरवशातूनच ते दुसरं काम आलं. चौकशीचं.

आमचा समाज व्यापारी. केज, धारूर, अंबाजोगाई, सगळीकडं दुकानं, आणि लग्नं आपसात. स्थळ आलं की आधी चौकशी. मुलाकडचे येऊन म्हणायचे, मुलीकडचे येऊन म्हणायचे, "आप्पा, जरा जाऊन या की." मी जायचो. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. जीपनं जायचं, स्टँडवर उतरायचं, त्या घरी मात्र जायचं नाही. समोरच्या हॉटेलात चहा घ्यायचा. पिठाच्या गिरणीवर उभं राहायचं — गिरणीवर सगळी गल्ली येते. मग देवळात. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन तोंडांतून एकच गोष्ट आली तर ती खरी धरायची. आणि किती जणांनी वाईट सांगितलं एवढंच बघायचं नाही, एकूण किती जणांना विचारलं तेही बघायचं. दहांतला एक आणि दोघांतला एक — यात फरक आहे की नाही? माझा सगळा हिशेब एवढाच होता. लोक म्हणायचे, आप्पा जाऊन आलेत, आता बघायला नको.

जाऊन आलेत. हे दोन शब्द ध्यानात ठेवा.

मग मोबाईल आले. त्याच्याही आधी आमच्या समाजाची वधूवरांची एक वेबसाइट होती. माझ्याच भाच्यानं बनवलेली. एका स्थळाचं एक पान. शिक्षण, उंची, मामाचं गाव. माहिती मी तपासायचो आणि मगच पान वर चढायचं. ते पान जागेवर राहायचं — आज बघा, सहा महिन्यांनी बघा, तिथंच. बघायचं असेल तर तुम्हाला त्याच्याकडं जावं लागायचं. दुकानासारखं. हळूहळू तिकडं कुणी जाईना. सगळे मोबाईलवरच्या त्या फीडवर — वर सरकवत राहिलं की संपतच नाही, ती. तिथं कुठं जावं लागत नाही. अमक्याला तमक्याचा फोटो आवडला, अमका तमक्या ग्रुपमध्ये आला, अमकी आज कुठं आहे, हे सगळं आपणहून तुमच्या हातात येऊन पडतं. गावाच्या पारावर बसल्यासारखं. मला तसंच वाटलं होतं, खरंच. म्हटलं, ही तर घरबसल्या चौकशी. भाच्यानं एके दिवशी वेबसाइटचं भाडं भरायचं सोडलं. कुणी विचारलंसुद्धा नाही. मीही नाही.

मी दुकानाचे फोटो टाकायला लागलो. नवीन समई आली, फोटो. तांब्याचा बंब आला, फोटो. समाजातल्या ज्याची विनंती येईल त्याला जोडून घ्यायचो. त्यात धारूरची एक सुवर्णा होती. नावापुढं तिचा फोटो नव्हता, बेलाच्या पानाचा होता. माझ्या भांड्यांना सगळ्यात आधी तिचाच बदाम यायचा — ते लाल हृदय, त्याला आमच्याकडं बदामच म्हणतात. मला गंमत वाटायची. एवढी तरुण मुलगी, आणि बंब आवडतो.

आता मन्मथ. माझा बालमित्र, केजलाच कापडाचं दुकान. शाळेपासून एकमेकांना अरे-तुरे. त्याच्या मुलासाठी धारूरचं स्थळ आलं — शिवलिंगआप्पांची मुलगी. शिवलिंगआप्पांचं किराणा दुकान, मुलगी शिकलेली, एकुलती. नाव सुवर्णा. मन्मथ दुकानात येऊन पाटावर बसला आणि म्हणाला, "तू जाऊन ये बे एकदा. तू हो म्हन, मी सुपारी फोडतो."

मी हो म्हणालो. आणि गेलो नाही.

कारण सांगू का? कारण नाही. जीपा चालू होत्या. पाय दुखत नव्हते. दुकानात गर्दी होती, पण ती दरवर्षीच असते. मी मोबाईल काढला, एवढंच. सुवर्णा तर माझ्या फीडमध्येच होती! रोज दिसत होती. म्हटलं, आधी इथं बघू, मग जाऊ.

पहिलंच दिसलं — सुवर्णाला विशालचा फोटो आवडला. विशाल म्हणून एक पोरगा, आडनाव आमच्या समाजातलं नाही, धारूरच्या किल्ल्यावर गॉगल घालून उभा. मी थांबलो. फोटो उघडला. खाली तिचा बदाम. त्याच्या पानावर गेलो. मोटारसायकलवर विशाल, बदाम. नारायणगडाच्या जत्रेत विशाल, बदाम. उसाचा रस पिताना विशाल — त्यालाही बदाम. दुसऱ्या दिवशी मोबाईल उघडला तर पहिलंच तेच. तिसऱ्या दिवशीही. सुवर्णा आणि विशाल, सुवर्णा आणि विशाल. माझ्या मनात जे आलं होतं, ते समोर कुणीतरी पुन्हापुन्हा सांगत होतं. तीन वेगळी तोंडं झाली असं मी धरलं.

तीन तोंडं कुठली? तोंड एकच होतं, आणि तेही माझंच. मी ज्यावर थांबत होतो, ते ओळखून फीड मला तेच जास्त वाढत होती. हे मला आज समजतं. पण तेव्हाही समजायला हवं होतं, कारण त्याला मोबाईलचं ज्ञान लागत नाही. एकूण किती — हा एकच प्रश्न विचारायचा होता. ती मुलगी एकूण किती जणांना बदाम देते? मी ते बघितलंच नाही. आयुष्यभर जे आधी बघितलं, ते त्या आठवड्यात बघितलं नाही.

मन्मथ आला. उभ्याउभ्याच विचारलं, "काय बे, गेलतास का धारूरला?"

मी म्हणालो, "गेलतो."

एक शब्द. तो तोंडातून गेला तेव्हा हातात एक तांब्या होता, कुणाचं तरी नाव टाकायचा राहिलेला. आणि मी तेवढ्यावर थांबलो नाही. मन्मथ म्हणाला, "कुणाकुणाला इचारलंस?" मी नेहमीचं सांगितलं. हॉटेलात बसलो, गिरणीवर विचारलं. ओठांवर बसलेलं वाक्य होतं ते, शंभरदा म्हटलेलं. मग सांगितलं की मुलीचं एका पोराकडं लक्ष आहे म्हणतात. आणि पोरगा आपल्या समाजातला नाही. हे शेवटचं कुणी विचारलं नव्हतं. ते मी आपणहून सांगितलं, कारण त्याचं वजन किती पडतं ते मला माहीत होतं.

मन्मथ पाटावर टेकला आणि म्हणाला, "बरं झालं बाबा, तू गेलतास."

नकार कळवला गेला. आमच्याकडं नकाराला कारण देत नाहीत, पत्रिका जुळली नाही म्हणतात आणि सोडून देतात. पण शिवलिंगआप्पांनी फोन करून फार विचारलं असावं. मन्मथनं सांगून टाकलं — आमचे आप्पा स्वतः तुमच्या गावात येऊन गेले, हॉटेलात, गिरणीवर विचारून गेले, जुळत नाही. त्याला वाटलं, एवढं सांगितलं म्हणजे वाद मिटतो. आप्पा जाऊन आलेत म्हटल्यावर वाद मिटायचाच, नेहमी.

समाज लहान आहे. आप्पांनी चौकशी केली आणि नकार गेला, एवढंच पुरतं. नंतर त्या घरी स्थळं आली आणि चहा पिऊन परत गेली, असं कानावर यायचं. मी ऐकायचो. मन्मथच्या मुलाचं लातूरच्या मुलीशी लग्न झालं, त्या लग्नात मी बुंदी वाढली.

हे सगळं मी चूक म्हणून सांगू शकलो असतो. फीड बघून फसलो, कोण फसत नाही? पण खरं सांगायचं ते अजून पुढंच आहे.

दीडएक वर्षानं एका दुपारी शिवलिंगआप्पा माझ्या दुकानात आले. मी त्यांना ओळखत नव्हतो. बारीक अंगाचे, कपाळावर भस्माचे पट्टे. आल्याआल्या हात जोडून म्हणाले, "शरणार्थ, शेट." आमच्यात भेटल्यावर असं म्हणतात. मीही म्हणालो. मग त्यांनी नाव सांगितलं आणि माझ्या हातातलं फडकं जिथल्या तिथं राहिलं.

पुतण्याच्या लग्नाला घागर पाहिजे होती. ते ओळखीच्या हौसेनं बोलत होते. "तुमचं दुकान मला पाठ हाय बघा. रोज बघतो की मोबाईलवर! त्या बंबाला मी लगेच बदाम दिलता."

मी म्हणालो, "तुम्ही?"

"मग! पोरीनं काढून दिलंय. नाव तिचं हाय, कारण मला ते पासवर्ड-बिसवर्ड जमत न्हाई. ती कुठं बघती? तिला येळच न्हाई. मीच आपला गल्ल्यावर बसून." त्यांनी खिशातून मोबाईल काढला. बेलाचं पान. अंगठ्यानं वर सरकवत गेले आणि जे येईल त्यावर टक टक टक. कुणाचं बारसं, बदाम. कुणाचा ट्रॅक्टर, बदाम. कुणी वारलं होतं, त्यालाही बदाम. मी म्हणालो, "सगळ्यांनाच देता?"

"शेट, कुणी शरणार्थ म्हनलं तर आपन गप बसतो का? उलटून म्हनतोच की. आता एवढं फोटू काढून टाकलंय बिचाऱ्यानं, आपन नुसतं बघून पुढं जायचं? बरं दिसतं का ते?" मग एका फोटोवर थांबून ते खदखदून हसले. गॉगल. "हे बेणं बघा, इशाल. आमच्या मागच्या आळीतलं. पुण्याला गेलंय. दिवसाला धा फोटू टाकतंय! बोट दुखतंय माझं त्याच्यापायी."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? — जाऊ द्या. तुम्ही माझ्या जागी नव्हता.

मी घागर काट्यावर ठेवली. तेव्हा ते आवाज खाली आणून म्हणाले, "शेट, तुमच्यावर राग न्हाई माझा. तुमी ऐकलं ते सांगितलं. तुमचा काय दोष? पण गिरणीवर इचारलं म्हनल्यावर आमाला कळलं कुणाचं काम हाय ते." आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्या घराला लागूनच गिरणी आहे. मंगलबाई चालवतात, नवऱ्यामागं. दोन्ही घरांत भिंतीवरून वाट्या जायच्या, सुवर्णा लहानपणी तिथंच जेवायची. "तीच बोलली असणार. दुसरं कोन? त्या दिवसापासून बोलनं बंद हाय. दळन आता खालच्या गिरणीवर नेतो. मंगल लई रडली, म्हनली मी काय बी बोलले न्हाई, कुणी आलंच न्हाई इचारायला. खोटारडी."

कुणी आलंच नाही विचारायला.

त्या क्षणी मला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. मी आलो नव्हतो. चार पावलांवर ते उभे होते. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. लग्न मोडलं ते परत जुळलं नसतं, पण एक भिंत तरी उघडली असती. माझं काय गेलं असतं? नाव. लोक म्हणाले असते, आप्पा न जाता सांगतात. मग मागची सगळी लग्नं, मागचे सगळे नकार लोकांनी काढून बघितले असते. मी ते डोळ्यांसमोर आणलं, तोललं — हो, तोललं, दुसरा शब्द नाही — आणि गप्प बसलो.

घागरीवर पुतण्याचं नाव टाकून दिलं. अक्षर नीट आलं नाही. ते म्हणाले, "झ्याक आलंय."

त्यानंतर मी चौकशीची कामं घेणं बंद केलं. वय झालं म्हणून सांगितलं. लोकांनी माझा आणखीच मान राखला. दुकानाचे फोटो टाकणं मात्र थांबवलं नाही. मुलगा म्हणायचा, आप्पा, त्यावरच गिऱ्हाईक येतं. आणि प्रत्येक फोटोखाली, सगळ्यात आधी, ते यायचं. सुवर्णाला तुमचा फोटो आवडला. ते दाबणारा अंगठा कुणाचा आहे हे मला माहीत होतं. तरी नाव तिचंच वाचावं लागायचं. नवीन परात टाकली, सुवर्णा. पूजेचं ताम्हण टाकलं, सुवर्णा. एखाद्यानं रोज दारावरून जाताना हसून शरणार्थ म्हणावं आणि आपण मान वर करू नये, असं चाललं होतं. चार वर्षं? पाच? मी मोजलेलं नाही. मोजायचं धाडस झालं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात शिवलिंगआप्पा गेले. ते मला फीडवरच कळलं, त्यांच्या पुतण्यानं फोटो टाकला होता. खाली ओळीनं लोकांचे हात जोडलेले. मी बोट नेलं आणि मागं घेतलं. जीप धरली आणि धारूरला गेलो.

स्टँडवर उतरलो. समोर हॉटेल होतं. विचारत विचारत गल्ली सापडली. किराणा दुकान अर्धं उघडं — सुवर्णाच आता ते चालवते, लग्न केलेलं नाही. करायचं नव्हतं की होऊ शकलं नाही, हे मला माहीत नाही, आणि त्यावर बोलायचा मला हक्क नाही. शेजारी गिरणी. आत बैठकीत पाहुणे बसले होते, आणि उंबऱ्याबाहेर, पायरीवर, एक बाई बसल्या होत्या. साडीवर पिठाचा पांढुरका थर. आत कुणी बोलावलं नव्हतं आणि त्या उठूनही जात नव्हत्या.

मी त्यांच्याजवळून आत गेलो, बसलो. सुवर्णा चहा घेऊन आली. तिला मी पहिल्यांदा बघत होतो — जिच्याबद्दल मी सांगितलं होतं, तिला. पायरीवरून त्या बाईंनी सहज, शेजारधर्मानं विचारलं, "पावनं कुठलं म्हनायचं?"

"केज. भांड्याचं दुकान."

"अस्सं. आलता का आदी कदी आमच्या धारूरला?"

मी दमलेलो होतो. ऊन डोक्यात चढलं होतं. खोटं बोलायला आधी तयारी लागते, ती नव्हती. तोंडातून खरं गेलं.

"नाही. या गल्लीत पहिल्यांदाच."

सुवर्णाच्या हातातलं ताट जरा वाजलं. तिला माझं नाव माहीत होतं, दुकान माहीत होतं. ती म्हणाली, "पहिल्यांदाच का काका?"

मी हो म्हणालो. आणखी काही म्हणता आलं असतं. आलं नाही.

तिनं माझ्याकडं फार वेळ बघितलं नाही. ती वळली आणि पायरीकडं बघत राहिली. मग ताट खाली ठेवून दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "मावशी, तुमी तिथं कावून बसलाव? आत या." मंगलबाई उठल्या नाहीत. त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणते आहे. तिला दोनदा म्हणावं लागलं. मग तिनं त्यांचा हात धरून उठवलं, तेव्हा त्यांच्या हाताचं पीठ तिच्या बाहीला लागलं.

मला त्या घरात कुणी काही विचारलं नाही. चहा पिऊन मी निघालो.

आता भांड्यांचे फोटो टाकले की खाली ते नाव येत नाही. वडील गेले म्हणून येत नाही, की तिनं मला काढून टाकलं म्हणून, हे एका बोटानं बघता येईल. मी बघत नाही. काही बघायचं असेल तर जाऊन बघावं लागतं. आणि मी परत गेलेलो नाही. मन्मथला अजून माहीत नाही. मंगलबाईंना माझ्या तोंडून काही कळलेलं नाही. परवा केजच्या स्टँडवर कुणीतरी आपल्या पाहुण्याला माझ्याकडं बोट करून सांगत होतं — हे आप्पा, हे प्रत्यक्ष गेल्याशिवाय कधी बोलत नसत.

मी गेलो नव्हतो.